फ्रीझरमधला बासा: आधी पाणी काढा, मग मसाला लावा

इंदूरच्या वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न पाकिटातल्या गोठवलेल्या बासा माशाबद्दल आहेत. समुद्र लांब, पापलेट-सुरमई बर्फातून इथवर येईपर्यंत खिशाला जड, आणि १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशातल्या नद्या-तलावांतली मासेमारीही बंद. तेव्हा बिनकाट्याचा स्वस्त बासा घरात येणारच.

बासाच्या तुकड्या रवा लावून तळायला घेतल्या की तव्यावर पाणीच पाणी होतं. रवा तव्याला चिकटतो आणि मासा उघडा पडतो. तवा बदलून पाहिला, फरक नाही. (रामबाग)

तवा बिचारा निर्दोष आहे. पाणी माशातलं आहे, आणि ते तीन ठिकाणांहून येतं. फिलेवर, म्हणजे माशाच्या बिनकाट्याच्या कापावर, बर्फाचा पातळ लेप असतो, तो पहिला. गोठताना झालेल्या बर्फाच्या कणांनी मांसाचे तंतू फाटतात आणि वितळताना त्यांतलं पाणी सुटतं, हे दुसरं. शिवाय काही फिले गोठवण्याआधी फॉस्फेटच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे मांस पाणी धरून ठेवतं. पाकिटावर घटकांत आयएनएस ४५१ किंवा ४५२ (हे फॉस्फेटचे क्रमांक) दिसलं तर हे तिसरं पाणीही तव्यावर येणार असं समजा.

मासा रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवा, चाळणीखाली भांडं. पाकीट हवा काढून बंद केलेलं असेल तर आधी कापून उघडा. बिनहवेच्या पाकिटात मासा वितळू देणं सुरक्षित नाही. घाई असेल तर फिले साध्या पिशवीत घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा. अर्धा किलोला साधारण पाऊण तास पुरतो. गरम पाणी नको: बाहेरचं मांस शिजू लागतं आणि आत बर्फ तसाच राहतो.

निथळलेल्या ५०० ग्रॅम तुकड्यांना एक सपाट चहाचा चमचा मीठ चोळा आणि पंधरा मिनिटं पुन्हा चाळणीत ठेवा. सुटलेलं पाणी फेकून प्रत्येक तुकडी जुन्या सुती पंचाने दोन्ही बाजूंनी दाबून टिपा. बोट लावल्यावर ओलं नाही, किंचित चिकट लागलं पाहिजे. मग अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, घरी वाटलेली घट्ट आलं-लसूण पेस्ट एक चमचा आणि चिंचेचा दाट कोळ एक मोठा चमचा लावा. मीठ आता पुन्हा नाही. लिंबू पिळून तासभर मुरवायची सवय असेल तर ती सोडा. आंबटाने एवढं मऊ मांस खडूसारखं भुरभुरीत होतं.

चार मोठे चमचे बारीक रवा आणि दोन चमचे तांदळाची पिठी एकत्र करा. तुकडी या मिश्रणात घोळवली की थेट तव्यावर. सगळ्या तुकड्या आधीच घोळवून ताटात मांडून ठेवल्या तर रवा ओल पितो आणि तव्यावर त्याचा लगदा होतो. तेल तापलं की नाही ते रव्याची चिमूट टाकून बघा, लगेच तडतडली पाहिजे. एका वेळी तीन-चारच तुकड्या घ्या, नाहीतर तवा थंडावतो आणि मासा तळायच्या ऐवजी शिजतो. पहिली बाजू तीन मिनिटं अजिबात हलवू नका. कड सोनेरी झाली की कालथा आपोआप खाली शिरतो. दुसरी बाजू दोन मिनिटं. झाकण कधीच नाही.

रव्याऐवजी रतलामी शेव चुरून लावली तर? (सुदामानगर)

चव छान येते, पण शेव आधीच तळलेली असल्याने मोठ्या आचेवर मासा शिजायच्या आत काळी पडते. मंद आच, पातळ तुकड्या, आणि चोळलेलं मीठ निम्मं करा. आमचं मत विचाराल तर पातळ पोहे कोरडे भाजून, चुरून लावा. स्वस्त पडतात आणि कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो.

कालवणात बासाचा भुगा होतो. शिवाय मातीचा वास येतो, म्हणून मुलं खात नाहीत. (लोकमान्यनगर)

वासाचं आधी. बासा तळ्यात वाढवलेला, गोड्या पाण्यातला मासा. पाण्यातल्या शेवाळ-जिवाणूंपासून येणारा हा मातकट वास चरबीत साठतो. फिले उजेडात धरा: मधोमध तांबूस-करडी पट्टी दिसेल. धारदार सुरीने ती उथळ खाच करून काढून टाका. मोजके ग्रॅम जातात, वास बराचसा जातो. उरलेला आंबटाने दबतो, म्हणून या कालवणात आमसुलं किंवा चिंच हवीच. वास मातीचा नसून अमोनियासारखा झोंबणारा असेल तर मासा खराब आहे, फेकून द्या.

भुग्याचं कारण शिजवण्याच्या क्रमात आहे. ओलं खोबरं इथे महाग, म्हणून सुक्या खोबऱ्याचं वाटण घ्या: अर्धी वाटी खोबरं आणि एक मोठा कांदा खरपूस भाजून, सोबत चार लसूण पाकळ्या, एक चमचा धणे, चार-पाच भिजवलेल्या बेडगी मिरच्या. फोडणीत वाटण तेल सुटेपर्यंत परता, दीड वाटी पाणी, मीठ आणि चार आमसुलं घालून दहा मिनिटं उकळू द्या. रस्सा हवा त्यापेक्षा थोडा दाटच ठेवा, मासा त्यात पाणी सोडणार आहे. चव आत्ताच बघून घ्या, कारण यानंतर डाव घालायचा नाही. आच मंद करून तीन बोटं रुंद तुकड्या एका थरात सोडा. चार-पाच मिनिटं पुरे. ढवळायचं असेल तर पातेलं दोन्ही कानांनी धरून गोल हलवा. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा. उरलेलं गरम करताना तुकड्या बाजूला काढा, रस्सा उकळा, मग त्या परत सोडा.

एका पाकिटात पाच जणांचं भागत नाही. आणि स्वस्त पाकीट खरंच स्वस्त असतं का? (स्नेहलतागंज)

भाव पाकिटावर नका काढू, माशावर काढा. समजा एक किलोचं पाकीट ३०० रुपयांना आहे आणि त्यात २० टक्के बर्फाचा लेप आहे. म्हणजे मासा ८०० ग्रॅम, आणि भाव किलोला ३७५ रुपये. बर्फाशिवायचं निव्वळ वजन छापलं असेल तर तेच धरा. नसेल तर एकदा घरी वितळवून, टिपून तोलून बघा. पुढच्या वेळी कुठलं पाकीट उचलायचं ते ठरलं. आत सुटा बर्फ किंवा फिलेवर पांढरे कोरडे चट्टे दिसले तर मधे ते वितळलं होतं किंवा नीट बंद नव्हतं. नका घेऊ.

पाच जणांसाठी कटलेट करा. ३०० ग्रॅम फिले सहा-सात मिनिटं वाफवून, निथळून कुस्करा. ४०० ग्रॅम बटाटे उकडून पूर्ण गार झाल्यावर किसा. गरम बटाटा चिकट होतो. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि अर्धी वाटी कोरड्या पोह्यांचा चुरा घाला. दहा मिनिटांत पोहे जास्तीची ओल पितात, ब्रेड लागत नाही. चौदाएक कटलेट होतात. सोबत तुवरीचं साधं वरण आणि भात असला की जेवण पोटभर होतं.

पावसात वीज जाते. फ्रीझरमधला मासा पुन्हा गोठवावा का? (नारायणबाग)

दार उघडू नका, तेवढ्यानेच बराच वेळ मिळतो. वीज आल्यावर फिलेत बर्फाचे कण हाताला लागत असतील तर गोठवता येईल, पण पुढे तळायला नको, कटलेटलाच वापरा. पूर्ण मऊ झालेला पण फ्रीजइतकाच गार असलेला मासा त्याच दिवशी शिजवा. कोमट लागला तर टाकून द्या.