नर ओळखायचा तो वरून बघून

प्रश्न : ताई, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी वाशीच्या एका दुकानातून चार ‘रेड लिझर्ड’ व्हिपटेल (चाबकासारख्या शेपटीचे, तळाशी राहणारे मासे) आणले. दुकानदार म्हणाला, दोन जोड्या देतो. आता चार-चार इंचांचे झालेत. टँक तीन फुटी, तळाला बारीक वाळू, एक बांबूचं नळकांडं. सोबत निऑन टेट्रा आणि तीन योयो लोच हे मासे. मागच्या महिन्यात बांबूत हिरवट अंडी दिसली, त्यावर एक मासा बसून होता. चौथ्या दिवशी सकाळी अंडी गायब. यातला नर कोणता आणि मादी कोणती, हेच मला अजून कळलेलं नाही. फोटो जोडला आहे. पुढच्या वेळी पिल्लं मिळावीत म्हणून काय करू?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने जोड्या कशावरून लावल्या, ते त्यालाच ठाऊक. दुकानात हे मासे येतात ते दोन-अडीच इंचांचे. त्या वयात व्हिपटेलचा नर आणि मादी दिसायला अगदी सारखे. म्हणून लहानपणी घ्यायचे तर जोडी मागू नये, पाच-सहा घ्यावेत आणि वाट बघावी. तुमचे चारही आता वयात आलेत, तेव्हा ओळख पटायला हरकत नाही.

फोटो छान आलाय, पण तो बाजूने काढलाय, त्यामुळे या कामाला निरुपयोगी. व्हिपटेल वरून बघायचा असतो. जाळीने पकडू नका; पंखांचे काटे आणि अंगावरची खरखर जाळीत अडकते आणि सोडवताना पंख फाटतात. आइस्क्रीमचा पारदर्शक डबा पाण्यात बुडवा, मासा त्यात हाकला, डबा उचला आणि उजेडात वरून बघा. नराचं डोकं रुंद आणि बोथट. त्याच्या गालांवर दोन दिवस दाढी न केल्यासारखे बारीक राठ खुंट दिसतील; तसेच छातीच्या पंखांच्या पुढच्या काट्यावर आणि डोक्यामागे मानेवरही असतात. हे केस नव्हेत, कातडीवर उगवलेले सूक्ष्म दातच आहेत. मादीचे गाल गुळगुळीत, तोंड निमुळतं, आणि अंडी भरली की पोटाचा भाग दोन्ही बाजूंना फुगलेला दिसतो.

एक खबरदारी. हे खुंट विणीच्या दिवसांत वाढतात, नंतर आखूड होतात. त्यामुळे एकदाच बघून ‘चारही माद्या’ असा निकाल देऊ नका, महिन्याभराने पुन्हा बघा. तुमच्याकडे एक नर आहे हे मात्र आत्ताच सांगते, कारण या जातीत अंड्यांवर बसतो तो बापच. आई अंडी घालून मोकळी होते. एका नराला दोन-तीन माद्या असल्या तरी चालतं. कधी कधी दोन माद्यांची अंडी एकाच नळीत असतात आणि नर दोन्ही सांभाळतो.

आता अंडी कुठे गेली ते. माझा पहिला संशय लोचवर. योयो दिवसा गुणी दिसतो, रात्री अंडी हुडकून खातो. नर लहान-मोठ्यांना हुसकावतो खरा, पण तीन लोच दोन्ही तोंडांकडून आले तर तो काय करणार? दुसरी शक्यता, अंडी फळलीच नव्हती. तशी अंडी पांढरी पडतात, बुरशी धरतात आणि नर ती स्वतःच साफ करतो. तिसरी, तुम्ही. टॉर्च मारून दर तासाला बघायचा मोह मलाही होतो, पण पहिलटकर नर त्याने बिथरतो आणि अंडी सोडतो किंवा खातो. लोच दुसरीकडे हलवा, बांबूचं तोंड भिंतीकडे फिरवा आणि टॉर्च कपाटात ठेवा.

बांबू चालतो, पण कुजतो. मी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणते. नराला अंगासरशी बसेल, पण आत वळवळता येईल अशी नळी हवी. चार इंची माशाला एक ते सव्वा इंची पाइप पुरतो, लांबी वीतभर, दोन्ही तोंडं उघडी. कडा कानशीने घासून घ्या. माशांच्या संख्येपेक्षा एक-दोन नळ्या जास्तच ठेवा, म्हणजे भांडणं होत नाहीत.

पाण्याचं म्हणाल तर नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते मुळात हलकं, म्हणजे कमी क्षारांचं. सोसायटी बोअरचं पाणी मिसळत नसेल तर या माशांना ते मानवतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटी-क्लोरीन मात्र विसरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. हे मासे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधल्या कुळातले, तिथे पाऊस लागला की पाणी थंडावतं आणि विणीला सुरुवात होते. आपल्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी ३० अंशांच्या वर जातं तेव्हा ते नुसते पडून असतात. जून-जुलैत, दोन-तीन अंश थंड पाण्याने चौथाई टँक बदलला की अंडी पडण्याची शक्यता चांगली. त्याआधी दोन आठवडे भरपूर खायला घाला: ब्लडवर्म (लाल अळ्या), बुडणाऱ्या गोळ्या, वाफवलेली मटार. दुकानात यांना ‘सकर’ म्हणून खपवतात, काच साफ करेल म्हणतात. तुमचा मासा काच साफ करत नाही, त्याला रोज जेवायला लागतं.

अंडी पडली की २६ अंशांच्या आसपास आठ-दहा दिवसांत फुटतात. मधल्या काळात हिरवी अंडी गडद होत जातात आणि आत डोळे दिसतात. अवघड काम यानंतरच सुरू होतं. शंभरावर पिल्लं निघालेली आणि पंधरवड्यात सगळी गेलेली, अशी पत्रं मला सारखी येतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: उपासमार. पिल्लू सेंटिमीटरभर असतं, पोटाखालची पिवळी पिशवी दोन-तीन दिवसांत संपते आणि त्यानंतर त्याला सतत चरायला हवं असतं. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाकून भागत नाही. ते हिंडून खाणं शोधत नाही, जिथे बसलंय तिथे तोंडाखाली काही असेल तरच खातं.

म्हणून फुटण्याच्या एक-दोन दिवस आधी नळीची दोन्ही तोंडं पाण्यातच अंगठ्यांनी बंद करा आणि नरासकट वेगळ्या टँकमध्ये हलवा. तिथे पाणी मोठ्या टँकचंच, स्पंज फिल्टर आधीपासून चालू असलेला, तळ उघडा. त्यात देशी बदामाची वाळून गळलेली पानं धुऊन टाका. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, फुटपाथवर ती फुकट मिळतात. फवारणी होत असलेल्या बागेतली घेऊ नका. पानावर जो बुळबुळीत थर धरतो, तो पिल्लांचा पहिला घास. सोबत उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती किंवा पालकाचं पान, आणि अंड्यांतून ताजी फोडलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे सूक्ष्म जीव). चकती २४ तासांत बाहेर काढायची, नाही तर पाणी नासतं. आणि पाणी नासलं तर पिल्लं तासाभरातही जातात. रोज थोडं पाणी बदला, त्याच तापमानाचं. पिल्लं निघाली की नराला परत पाठवा. फुटल्यावर त्याचं काम संपलं.

पोट वरून दिसत नाही, म्हणून पिल्लं काचेला चिकटली की बाहेरून भिंगाने पोट बघा. गोल आणि भरलेलं असेल तर ठीक. आत गेलेलं दिसलं तर त्याच रात्री खायला घाला, सकाळची वाट बघू नका.

प्रश्न : आमच्याकडच्या ‘रॉयल फार्लोवेला’ने समोरच्या काचेवरच अंडी घातली आहेत. पाहुणे येणार आहेत, काच पुसली तर चालेल?
— एक वाचिका, कासारवडवली

उत्तर : पाहुण्यांना अंडी दाखवा! हे वर सांगितलेल्या माशाचे भाऊबंद, पण हे नळीत शिरत नाहीत. उघड्यावर, काचेवर किंवा लाकडावर अंडी घालतात. नावात फार्लोवेला असलं तरी हा खरा फार्लोवेला नव्हे, स्टुरिसोमा. अंड्यांवर बसलेल्या माशाच्या गालांवर लांब मिशा दिसत असतील, तो नर. आठवडाभर त्याला त्रास देऊ नका. यांची पिल्लं रेड लिझर्डपेक्षाही भुकेने लवकर जातात आणि त्यांना हिरवं जास्त लागतं. आजच एका बरणीत टँकचं पाणी आणि काही गोटे घालून खिडकीत उन्हात ठेवा. गोट्यांवर शेवाळ धरलं की ते पिल्लांकडे.

प्रश्न : रेड लिझर्डला दुकानात ‘एल १०-ए’ का म्हणतात? आणि पिल्लं जास्त झाली तर मासुंदा तलावात सोडली तर चालतील का?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : शास्त्रीय नाव ठरायच्या आधीच बाजारात येणाऱ्या या, लोरिकॅरिडी कुळातल्या माशांना एका जर्मन मासिकाने १९८८ साली ‘एल’ क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्यातला हा एक. दुसऱ्याचं उत्तर: नाही. मासुंद्यात नाही, उपवनात नाही, खाडीत तर नाहीच. याच कुळातला मोठा सकर लोकांनी असाच सोडून दिला आणि आज तो देशातल्या कितीतरी तलावांत ठाण मांडून बसलाय. पिल्लं दीड इंचाची झाली की दुकानदार घेतात. पैसे नाही दिले तर खाद्याचे डबे मागा. मी तेच करते.