घरात पेटी, तबला आणि गिटार आहे. सगळ्यांनी मिळून वाजवायला सुरुवात कशी करावी?

आधी सूर एक करा. पेटीचे सूर ठरलेले असतात, ते घरी बदलता येत नाहीत. म्हणून बाकीच्यांनी पेटीशी जुळवून घ्यायचं. आमच्या दादरच्या घरात बाबा पेटीवर काळी एक (म्हणजे सी शार्प) हा सा धरतात. तबल्याला साधारण साडेपाच इंची तोंडाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) त्या सुरात छान लागतो. गिटारला पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पहिल्या घरात) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की मुलगी तिचे नेहमीचे सी, एफ, जी कॉर्ड धरते आणि सूर बरोबर काळी एकचा येतो.

पावसाळ्यात मात्र मुंबईच्या दमट हवेनं तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते. परवाच बसायच्या आधी दहा मिनिटं मी हातोडीनं गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) ठोकत होतो. गट्ट्यांना (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांना) हात लावायच्या आधी गजरा बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

सुरुवातीला केरवा हा तालच घ्या. आठ मात्रा, त्यामुळे गिटारच्या चार-चारच्या ठोक्यात सहज बसतो. आजीच्या हातात टाळ द्या! आमच्याकडे लय तीच सांभाळते, आणि कोणी पळायला लागलं की टाळ जरा जोरात वाजतो.

रोज अर्धा तास, शक्यतो जेवणाआधी. भिंतीला भिंत लागून शेजारी असतात, रात्री उशिरा वाजवू नका. डग्ग्याखाली (डाव्या हाताच्या तबल्याखाली) जाड सतरंजी घातली की खालच्या मजल्यावर धमक कमी जाते.