युक्तिवाद आधी सुटे कर

प्रिय,

टिळक राष्ट्रवादी होते, तर संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला किमान वय ठरवणाऱ्या, विधेयकाला त्यांनी विरोध का केला? आगरकर उदारमतवादी, तर परक्या सरकारचा कायदा त्यांना कसा चालला? आणि मग मी कुणाच्या बाजूची? तुझ्या पत्रातला हा शेवटचा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. बाजू घेण्याची एवढी घाई कशाला? युक्तिवाद आधी सुटे कर.

'आपण' म्हणजे कोण आणि आपल्यासाठी कायदा करायचा हक्क कुणाचा, हा राष्ट्रवादाचा प्रश्न. सत्तेने माणसाच्या आयुष्यात कुठवर हात घालावा आणि घरातल्याच माणसांपासून दुबळ्याला कोणी वाचवावं, हा उदारमतवादाचा. चालत आलेली रीत बदलायची तर कोणत्या वाटेने, किती वेगाने, हे परंपरावादी विचारतो. प्रश्नच वेगळे, म्हणून एकाच माणसाच्या डोक्यात तिन्ही सुखाने नांदतात.

आता कागद घे. वर एका ओळीत १८९१चा कायदा लिही: दंडसंहितेतलं मुलीचं संमतिवय १०वरून १२, आणि ते नवऱ्यालाही लागू. लग्नाच्या वयाला त्यात हात लावलेला नव्हता. ही ओळ न लिहिता पुढे गेलेले सगळे इथेच घसरतात आणि बालविवाहबंदीवर तावातावाने बोलत बसतात.

खाली टिळकांचे आक्षेप, एकेक सुटा. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत पडू नये. गर्भाधानाला, म्हणजे मुलीला पाळी आल्यावर नवऱ्याशी होणाऱ्या पहिल्या संबंधाच्या संस्काराला, शास्त्राचा आधार आहे. सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, दंडुक्याने नको. यातला पहिलाच काय तो राष्ट्रवादी. दुसरा आणि तिसरा परंपरावादी, पण एका जातीचे नव्हेत: दुसरा रीत राखतो, तिसरा फक्त वाट आणि वेग ठरवतो. समोर संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर. ते कायद्याच्या बाजूचे, पण पुरावे काढले शास्त्रातूनच. आगरकरांना शास्त्राची परवानगी नकोच होती. आगरकरांचा 'सुधारक' आणि टिळकांचा 'केसरी' एवढ्यासाठी शेजारी ठेवून वाच.

मग सरकार बदलून बघ. हाच कायदा इथल्या माणसाने मांडला असता तर कोणता आक्षेप गळला असता? १९२९मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात हरबिलास सारडांचा बालविवाहबंदीचा कायदा झाला. लग्नाचं वय मुलीला १४, मुलाला १८. मांडणारा इथलाच, तरी सनातनी विरोध उरलाच. राज्य तेव्हाही इंग्रजांचंच होतं, त्यामुळे ही परीक्षा पुरती स्वच्छ नाही, हेही कागदावर लिही. सोयीचं तेवढंच टिपायचं असेल तर कागद फाडून टाक.

असं सुटं करत बसणाऱ्याला लोक कुंपणावरचा म्हणतात. मलाही म्हणतात, म्हणोत बापडे. टिळकांच्या पहिल्या मुद्द्यात मला आजही दम दिसतो, आणि दहा वर्षांच्या मुलीपुढे तो तोकडा पडतो असंही माझं ठाम मत आहे. ही दोन वाक्यं एकत्र म्हणता येतात, कारण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ज्याने युक्तिवाद सुटे केलेच नाहीत, त्याला ती कोलांटउडी वाटते. त्याला मी काय करू?

पुढच्या पत्रात तुझी बाजू कळवू नकोस. मुंबईचे कायदेपंडित काशिनाथ त्र्यंबक तेलंग घे. १८८६मध्ये त्यांनी सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी हवी का, यावर व्याख्यान दिलं. १८९१मध्ये ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले. दोन्ही ठिकाणचे मुद्दे सुटे करून पाठव, आणि प्रत्येकापुढे तो तीनपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे तेवढं लिही.