जॅग्वारचे किस्से आणि अकरावीतला मुलगा

सातारा जिल्ह्यातून लिहिणाऱ्या बाबांना सप्रेम नमस्कार.

तुम्ही हवाई दलात तंत्रज्ञ होता. अंबाल्याला जॅग्वार या लढाऊ विमानाच्या वैमानिकांकडून ऐकलेले, झाडांच्या शेंड्यांवरून विमान नेण्याचे किस्से मुलाला लहानपणापासून सांगत आलात. तो आता अकरावीत आहे, दहावीला ८४ टक्के आहेत, आणि फायटर पायलट व्हायला कोणता क्लास लावू, असं तुम्ही विचारताय. दोन पानी पत्रात मुलाच्या वाट्याला एकच ओळ आली आहे: ‘हल्ली हा विषय काढला की तो गप्प बसतो.’ मला काळजी वाटते ती त्या गप्प बसण्याची. गुणांचं बघता येईल.

‘तुझ्यात जिगर नाही’ असं तुम्ही त्याला सुनावलंत, तेही लिहिलंय. इथे तुमचं साफ चुकतंय. खाली उडतात ते रडारच्या नजरेआड राहायला, जिगर दाखवायला नव्हे. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. जमिनीपासून ३० मीटरवर असताना विमान एक अंशाने खाली झुकलं, तरी जेमतेम सात सेकंद हातात उरतात. तिथे वाचवतो तो सराव, आणि ठरल्या उंचीखाली न जाण्याची शिस्त. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाचे वैमानिक ब्रिटिश जहाजांवर इतक्या खालून आले, की त्यांचे कित्येक बाँब जहाजांवर आदळूनही फुटले नाहीत. बाँब फोडणारा फ्यूज सज्ज व्हायला लागतो तेवढा वेळच बाँबला हवेत मिळाला नाही. धाडसात ती माणसं तसूभरही कमी नव्हती.

मार्ग तुम्हाला माहीत आहेत: बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित ठेवून एनडीए, नाहीतर पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची प्रवेश परीक्षा. पण वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. ढकलून पाठवलेला मुलगा तिथे नापास झाला, तर त्या दिवशी तुम्ही त्याच्याशी काय बोलाल?

आणखी एक. तुमच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या कामाचा एकही किस्सा नाही. ते वैमानिक इतक्या खाली जाऊ शकले ते विमानावर विश्वास होता म्हणून, आणि तो विश्वास तुमच्यासारख्यांच्या हातांनी कमावलेला होता. हे मुलाला कधी सांगितलंत?

तूर्त क्लास लावू नका. ‘जिगर नाही’ म्हणालो ते चुकलं, एवढं त्याला सांगा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि ते न वाचता मला पाठवा.