तळघर गाळणारा बिल्डर

प्रश्न : मुलाकडे लॉस एंजेलिसला गेले होते, तेव्हा ‘द ब्रॉड’ नावाचं चित्रसंग्रहालय पाहिलं. प्रवेश फुकट. एका बिल्डरने बांधलंय म्हणे. हे ब्रॉड कोण? आणि असा माणूस खरा दानशूर म्हणायचा, की नावाचा हौशी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, एली ब्रॉड मूळचे हिशेबनीस, माझ्याच पेशातले. त्यामुळे मला त्यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा आहे. जन्म १९३३चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, वाढले डेट्रॉइटमध्ये. विसाव्या वर्षी ते सीपीए झाले, म्हणजे आपल्याकडचे सीए. १९५७ मध्ये सासुरवाडीकडून २५,००० डॉलर उसने घेऊन डोनाल्ड कॉफमन यांच्याबरोबर त्यांनी घरं बांधायला घेतली.

डेट्रॉइटमध्ये घर म्हटलं की तळघर आलंच. तिथे कोळसा साठवायचा, थंडीत घर गरम ठेवायला. पण एव्हाना घरोघरी गॅस येत होता, कोळशाचं काम संपलं होतं. ब्रॉड यांनी तळघरच गाळलं. बंद गॅरेजऐवजी गाडीवर नुसतं छप्पर दिलं. घराची किंमत ठेवली १३,७४० डॉलर, म्हणजे महिन्याचा हप्ता दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या भाड्यापेक्षा कमी. बिल्डरांच्या वह्या तपासण्यात माझी हयात गेली. खर्च कापायची वेळ आली की भल्याभल्यांची नजर सळईकडे नाहीतर फरशीकडे वळते. गिऱ्हाइकाला ज्याचा उपयोगच उरला नाही ते हेरून काढायचं आणि वाचलेला पैसा किमतीत त्यालाच द्यायचा, याला मी खरी हिशेबी बुद्धी म्हणतो.

पुढे १९७१ मध्ये त्यांनी एक विमा कंपनी घेतली, तिची ‘सनअमेरिका’ केली आणि १९९९ मध्ये ती एआयजी या बड्या विमा कंपनीला सुमारे १८ अब्ज डॉलरच्या व्यवहारात विकली. दानाचा मोठा पैसा तिथून आला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नावाची हौस होतीच, आणि सूत्रं आपल्या हाती ठेवायचीही. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक कलासंग्रहालयाला २००८ मध्ये त्यांनी इमारत दिली, पण आपली चित्रं मात्र दिली नाहीत. ती स्वतःच्या न्यासाकडे ठेवली. तुम्ही पाहिलेलं संग्रहालय त्यानंतरचं, २०१५चं. शाळांच्या बाबतीत तर मी त्यांच्या विरोधातच आहे. चार्टर शाळांमागे, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या शाळांमागे, त्यांनी पैसा उभा केला; निवडून आलेल्या शिक्षण मंडळाने ठरवायच्या गोष्टींवर एका धनिकाचं वजन पडावं, हे मला पटत नाही.

तरीही बोस्टनशेजारच्या केंब्रिजमधली ‘ब्रॉड इन्स्टिट्यूट’ पाहिली की मी त्यांना दानशूरच म्हणतो. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांना एकत्र आणून जनुकसंशोधनासाठी २००३ मध्ये त्यांनी १० कोटी डॉलर देऊ केले, तेही दहा वर्षांचा प्रयोग म्हणून. काम दिसलं, तशी रक्कम वाढवली. २००८ मध्ये आणखी ४० कोटी देऊन संस्था कायमची केली. देणगी देऊन पाठ फिरवणारे पुष्कळ पाहिले. काम बघून पुन्हा पुन्हा देणारा क्वचित भेटतो. २०१० मध्ये त्यांनी पत्नी ईडिथ यांच्यासह बहुतेक संपत्ती दान करण्याचं जाहीर वचन दिलं. २०२१ मध्ये ते गेले.

पुन्हा मुलाकडे जाल तेव्हा ‘द ब्रॉड’ची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवा. रस्त्यापलीकडचं ‘मोका’ हे समकालीन कलेचं संग्रहालयही पाहा. २००८ मध्ये ते बंद पडायच्या बेतात असताना ब्रॉड यांनीच ३ कोटी डॉलर देऊ करून सावरलं होतं, आणि त्याला त्यांचं नाव नाही.