वाचकांचे प्रश्न : स्पर्धा थांबल्या आणि घरी स्थळे येऊ लागली

(जुलै २०२१)

प्रश्न : मी वीस वर्षांची असून बी.ए. द्वितीय वर्षाला आहे. अमरावतीला वसतिगृहात राहून ५००० मीटर धावण्याचा सराव करीत होते आणि विद्यापीठाच्या चमूत निवड होण्याची आशा होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, वसतिगृह रिकामे करावे लागले आणि तेव्हापासून मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावीच आहे. गेल्या हंगामात माझी एकही स्पर्धा झाली नाही. पोलीस भरतीही लांबत चालली आहे. एप्रिलमध्ये घरातील सर्वांना कोरोना होऊन गेला. आता पांदणीने दोन किलोमीटर धावले तरी दम लागतो आणि पूर्वीची वेळ आठवून रडू येते. मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ) म्हणतात, “वावरात निंदायला चाल, तोच व्यायाम.” घरी स्थळे पाहणे सुरू झाले आहे. रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठूच नये असे वाटते. मी आळशी झाले आहे का?
— एक धावपटू

उत्तर : आधी ‘सकाळी उठूच नये’ या शब्दांविषयी. अंथरूण सोडवत नाही, एवढाच त्यांचा अर्थ असेल तर पुढील मजकूर सावकाश वाचा. परंतु जगूच नये असा विचार त्यात दडलेला असेल, तर तो आजच घरातील विश्वासाच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (आता ‘टेली-मानस’, क्रमांक १४४१६) फोन करा. तेथे मराठीतून बोलता येते. तसा विचार नसला, तरी उदासी आणि निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला असेल, तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

तुम्ही आळशी झालेल्या नाहीत. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूचा दमसास सराव थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांतच घटू लागतो, स्नायूंची ताकद त्या मानाने सावकाश कमी होते. त्यामुळे वर्षभराच्या खंडानंतर तुमची वेळ वाढणे हा शरीराचा नियम आहे, त्यात तुमच्या गुणवत्तेचा निकाल नाही. त्यातच एप्रिलमध्ये तुम्हालाही संसर्ग झाला असणार. कोरोनानंतरचा थकवा कित्येक आठवडे रेंगाळू शकतो. धावताना छातीत दुखत असेल, धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवावे. याच भेटीत हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, आणि रक्त कमी असले की दम लागणे व मन खचणे ही दोन्ही लक्षणे एकत्रच दिसू शकतात. मनाच्या तक्रारीवर बोलताना रक्ताची तपासणी सुचवणे काहींना विचित्र वाटेल. परंतु खेळाडूच्या बाबतीत ती मला आवश्यक वाटते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिले काही आठवडे घड्याळ घरीच ठेवून धावावे आणि बोलता बोलता धावता येईल, एवढाच वेग ठेवावा. मोठ्या बाबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. निंदणात कष्ट आहेतच, मात्र वाकून केलेल्या त्या कामाने धावण्याचा दमसास वाढत नाही. उलट दिवसभर वावरात राबून संध्याकाळी पुन्हा धावण्याचा हट्ट धरल्यास शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून निंदणाच्या दिवशी सरावाला सुटी द्यावी.

क्रीडा विद्यार्थ्यांना या काळात अधिक एकाकी का वाटते, याचे कारण उघड आहे. बी.ए.चे वर्ग मोबाइलवर भरू लागले, मैदान मात्र मोबाइलवर येत नाही. पहाटेचा ठरलेला सराव, सोबत धावणाऱ्या मुली आणि पुढील स्पर्धेची तारीख या तिन्ही गोष्टी तुमच्या हातून एकदमच गेल्या. तारीख परत आणणे तुमच्या हाती नाही. उठण्याची वेळ मात्र ठरवता येईल, आणि सोबतच्या मुलींपैकी एकीला आठवड्यातून दोनदा फोनही करता येईल. तिचीही अवस्था बहुधा अशीच असेल आणि तिनेही ती कोणाला सांगितली नसेल.

उरला स्थळांचा प्रश्न. तो मानसोपचाराने सुटणार नाही, त्यासाठी घरात बोलावेच लागेल. ‘लग्न करायचे नाही’ असे म्हटल्यास वाद होईल. त्यापेक्षा पदवी पूर्ण होईपर्यंतची मुदत मागावी. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी पंचवीस वर्षांपर्यंतचे वय चालते, म्हणजे तुमच्याकडे अजून काही हंगाम आहेत. पोलीस भरतीत महिलांची ८०० मीटर धाव असते, त्यामुळे आजचा सराव वाया जाणारा नाही, हेही घरच्यांना सांगता येईल. ही बाजू महाविद्यालयातील क्रीडा शिक्षकांनी फोनवरून मांडल्यास अधिक वजन येईल. त्यांना तशी विनंती करण्यात संकोच नसावा. मात्र हे बोलणे पाहुणे मुलगी पाहायला येण्याआधी व्हावे, कारण एकदा ते बैठकीत येऊन बसले की घरच्यांना शब्द मागे घेणे जड जाते.