शिवी येते, मग पाणी का मागता येत नाही?

*ताई, आमचे मामा (सासरे) उदगीर भागात बैलांचा व्यापार करायचे. दिवाळीनंतर अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. हरिपाठ मात्र घडाघडा म्हणतात, रागावले की शिवीही अख्खी येते. पाणी मागायचं तर नुसतं 'ते... ते...'. आमच्या ह्यांना वाटतं, मुद्दाम करतात. स्पीच थेरपिस्ट म्हणतात, दर आठवड्याला लातूरला गटात आणा. मामा हात झटकतात. चारचौघांत हसं कशाला करून घ्यायचं? — एक सून*

सूनबाई, मामा नाटक करत नाहीत, हे आधी तुमच्या ह्यांना सांगा. पाठ असलेलं किंवा रागाच्या भरातलं बोलणं आपोआप बाहेर पडतं. मनातल्या गोष्टीला नेमका शब्द शोधणं हे वेगळं काम, आणि मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की तेच अडतं. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये तपासलेला रुग्ण 'टॅन'शिवाय काही बोलत नसे, पण चिडला की शिवी हासडायचा! मेंदूच्या इजेमुळे वाचा अशी अडण्याला अफेजिया म्हणतात. लकवा झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला तो होतो. बुद्धी शाबूत असते, म्हणून तर एवढी चिडचिड.

गटात हसणार कोण? पाच-सहा जण, सगळेच अडखळणारे, सोबत थेरपिस्ट. विषय साधेच: पाऊस कसा, सोयाबीनला भाव काय. शब्द नाही आला तर बोटं, चित्र, डाव्या हाताने खरडलेलं अक्षर, काहीही चालतं. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेल्या माणसाला हे काय नवं? घरी तुम्ही मायेपोटी त्यांचं वाक्य पुरं करत असणार (सगळेच करतात). गटात त्यांच्या वतीनं बोलायला कुणी नसतं, आपलं आपल्यालाच सांगावं लागतं. मला विचाराल तर खरा फायदा तोच. एकट्याची थेरपी मात्र चालूच ठेवा.

ओढून नेऊ नका. पहिल्या खेपेला नुसतं बसून बघायचं, असं ठरवा आणि थेरपिस्टनाही तसं सांगून ठेवा. सोबत तुम्ही नको, ह्यांनाच पाठवा. वडिलांसाठी किती वेळ थांबावं लागतं, ते त्यांनी बघू दे.

घरी टीव्ही बंद करून एका वेळी एकच विचारा: 'पाणी की चहा?' दोन्ही समोर धरा आणि थांबा. 'आधी पाणी म्हणा, मग देते,' असं कधीच नको. जेवण तुटलं, रडणं वाढलं तर डॉक्टरांना सांगा. लकव्यानंतर नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून लातूरची फेरी बंद करू नका. सुरुवातीला सुधारणा वेगानं होते हे खरं, पण ती पुढे वर्षानुवर्षंही होत राहू शकते.